मी लाल रंग लावलेली पट्टी

जाहीर निवेदन! विक्रोळीपासून मरोळपर्यंतच्या समस्त जनतेस, आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारींस, आणि ज्यांचे पापड एकदा विनाकारण उडाले त्या भगिनीवर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जन्मल्यापासून जमिनीच्या एक वीतही वर न गेलेले असे या भूमीवरील एकमेव विमान ज्यांनी स्वहस्ते घडविले, ते श्री. दत्ताराम हे रविवारी सकाळी, विमानाची वाट न पाहता, स्वतःच वर निघून गेले आहेत.

कसं वाटलं? उभं राहून, डावा हात कमरेवर ठेवून म्हटलं मी हे. घरात कुणी नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "नाटक्या, मुद्द्यावर ये. चहा गार होतोय."

येतो. तुला जाऊन बारा दिवस झाले. परवा तुझ्या शोकसभेत मी एक तमाशा केला. तेव्हापासून सुमनवहिनी माझ्याशी बोललेल्या नाहीत. आपल्या कारखान्यातलं अर्धं टूलरूम मला बघून तोंड फिरवतं आणि उरलेलं अर्धं तोंडाकडे बघत राहतं. तो तमाशा शेवटी सांगेन. पंचवीस वर्षं कामगार नाट्यस्पर्धेत कामं केली, शेवटचा अंक आधी करायची सवय नाही. पण गोष्ट काय आहे ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा कुठल्यातरी विनोदाच्या आड लपेन. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याशी खोटं बोललो, दत्ता. फार नाही, दोन शब्द. आणि त्या दोन शब्दांवर तू मरेपर्यंत विश्वास ठेवलास.

तू डिमेलोसाहेबांच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला गेलास आणि विमान घेऊन आलास. हे वाक्य मी आजवर निदान दोनशे माणसांना ऐकवलं असेल. प्रत्येक जण हसायचा, आणि मी शपथ घ्यायचो की अक्षर न् अक्षर खरं आहे. मरोळच्या जुन्या गावठाणातले डिमेलोसाहेब, वाडीत चिंचेच्या झाडाखाली पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये दोन लाकडी पेट्या, एकेकीत चार माणसं आडवी झोपतील एवढ्या. अमेरिकेतल्या मुलाने बापाला पाठवलेली भेट. विमान विकत मिळतं, तेही सुटं, शिंप्याने कापून ठेवलेल्या कापडासारखं, आणि शिवायचं आपण, हे आपल्या बापजन्मी कुणी ऐकलं होतं!

"मुलगा लिहितो, डॅडी, घरी बसून बनव," साहेब सांगत होते. "जसं काय इडलीचं पीठ आहे."

"किती भाग आहेत, साहेब?"

"मोजले नाही बाबा. बघितलं आणि परत झाकण लावलं."

"पुस्तक दिलंय?"

"दिलंय. एवढं जाड. इंग्लिश."

"चित्रं आहेत ना?" तू म्हणालास. "मग झालं."

दुसऱ्या रविवारी तू मला घेऊन गेलास, इंग्रजी वाचायला. साहेबांनी तरुणपणी जुहूच्या छोट्या विमानतळावर उडायला शिकून घेतलं होतं आणि तो परवाना अजून जिवंत ठेवला होता. उडवणार ते, बनवणार तू, वाचणार मी. पुस्तकात प्रत्येक पायरीनंतर दोन चौकोन होते. एकात ज्याने काम केलं त्याची सही, दुसऱ्यात ज्याने तपासलं त्याची. मी ते वाचून दाखवलं तेव्हा तुझा चेहरा असा फुलला की जणू अमेरिकेत तुझा कुणी नातेवाईक सापडला.

"बघ रे! तिथेही आपलाच कायदा!"

आपला कायदा. एकोणीस वर्षं आपण एका टूलरूममध्ये काढली, तू फिटर, मी तपासणीस, आणि कायदा एकच. ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही. तपासणाऱ्याच्या मापाच्या गेजला करणाऱ्याने हात लावायचा नाही. तपासणारा पास म्हणाला तर पास, फेल म्हणाला तर कामाला लाल रंग, आणि माल भंगारात. "परत एकदा बघ" असं म्हणणं म्हणजे समोरच्याच्या आईवरून बोलणं. एकोणीस वर्षांत मी तुझं काम चारदा फेल केलं, चारही वेळा खरोखर चुकलेलं होतं, आणि चारही वेळा तू फक्त "बरं" म्हणालास आणि नवीन तुकडा शिकंज्यात लावलास. दुसरे फिटर दोन-दोन दिवस मला शिव्या देत. तू संध्याकाळी माझ्यासाठी भजी आणायचास.

मग पाच वर्षांचे रविवार. देशात रंगीत टीव्ही आला, सगळी विक्रोळी रविवारी पडद्यासमोर बसायची आणि तू पवईच्या रस्त्याने बस धरून मरोळला. मी जोगेश्वरीहून. वहिनी डबा द्यायच्या तो तिघांचा असायचा, आणि साहेबांसाठी त्यात कोलंबी वेगळी. शेडवरून दर दहा मिनिटांनी मोठी विमानं सहारला उतरायची, इतकी खाली की पत्रा थरथरायचा. तू कानस खाली ठेवून वर बघायचास आणि म्हणायचास, "हां, बघून घ्या आम्हाला."

त्या पुस्तकासोबत एक रंगीत पत्रक होतं. नदीच्या वाळूत उभं असलेलं आपलंच विमान, पुढे दोन सीट, मागे सामानाची जागा, आणि त्या जागेत पोत्यांच्या शेजारी एक शेळी, शहाण्यासारखी बाहेर बघणारी. मला त्या शेळीने वेड लावलं होतं. तू मात्र वाळूकडे बघत होतास. "ही वाळूत उतरते, प्रल्हाद."

"मग?"

"आमच्या गावाला वाळूशिवाय आहे काय?"

तेव्हा मला कळलं. तुझ्या आईला एस.टी. लागते. पहिल्या वळणावर सुरू होतं ते पनवेलपर्यंत. एकदा मुंबईला आली होती, तुझ्या लग्नाला, आणि आठ दिवस अंथरुणात पडून राहिली. पुन्हा आली नाही. नातवंडं तिने फोटोत बघितली. "शेळी जाते तर आई का नाही जाणार?" तू म्हणालास, आणि मी इतका हसलो की स्टुलावरून पडलो. तू हसला नव्हतास. दर महिन्याला तिचं पत्र यायचं, शेजारच्या पोराकडून लिहवून घेतलेलं, आणि शेवटची ओळ ठरलेली: "तुजा इमान झाला काय?"

इंजिन पहिल्यांदा चालू केलं तो दिवस आठवतो? आठवतो काय म्हणतो मी, मी आहे तोवर तो दिवस कुणी विसरू शकणार नाही. विमानाला पंख नव्हते, नुसता सांगाडा आणि पुढे इंजिन. साहेब आत बसले टोपी घालून. शेपटी तू दोरखंडाने चिंचेला बांधलीस, चाकांपुढे मी विटा धरून बसलो. इंजिनाने दोनदा खोकलं आणि मग जो काय वारा सुटला! कुंपणापलीकडच्या चाळीतल्या बायकांनी बाजेवर पापड वाळत घातले होते. आपण बघतोय तोवर दीडशे पापड हवेत. विमान तिथेच, पापड वर. एक बाई लाटणं घेऊन कुंपणाशी आली.

"अहो, विमान बनवताय का पंखा?"

पुढचा सगळा रविवार आपण तिघांनी त्या ओसरीवर मांडी घालून पापड लाटले. साहेबांचे जाड, माझे भारताचा नकाशा, काश्मीरसकट. आणि तुझे? त्या बाईने तुझे दहा पापड एकावर एक ठेवले, बाजूने बघितलं, आणि बाकीच्यांना हाक मारली, "अगं ये गं, या भाऊंचा हात बघा!" गोल आणि एकसारखे पातळ, सगळेच्या सगळे. मला गेज लावून बघावंसं वाटलं होतं. तू लाजून हात पंच्याला पुसत बसलास.

हात. हा शब्द उच्चारला आणि पुढे जाववत नाही. थांब, पाणी पितो.

भांडणंही काय कमी केली आपण? रंगावरून तर दोन महिने. मला लाल हवा होता, गणपतीच्या मखरासारखा झळझळीत. तू म्हणालास, "लाल रंग रिजेक्ट मालाला लावतात, विमानाला नाही." तुला पिवळा हवा होता, म्हणजे आईला अंगणातून दिसेल. मी म्हणालो, पिवळं विमान म्हणजे उडती टॅक्सी. तू म्हणालास, मग काय, टॅक्सीच आहे ती. भांडण मिटलं नाही. विमान अजून बिनरंगाचंच आहे. पिवळा कर, दत्ता. मी हरलो. जो हवा तो कर.

आता तो रविवार.

सांगाडा झाला होता, पंख झाले होते, कापड चढलं होतं. राहिलं होतं पंख धडाला जोडायचं. दोन्ही बाजूंना एकेक जाड पट्टी, तिच्यात एक होल, त्या होलमधून करंगळीएवढा एक बोल्ट. पंखाचा सगळा भार त्या बोल्टवर. होल जरा सैल झालं तर बोल्ट हवेत खेळणार, आणि खेळता खेळता एक दिवस पंख निखळणार. पुस्तकाने ते पान काळ्या चौकटीत छापलं होतं. उजवी पट्टी पास झाली. डावीचं होल तू चार रविवार हाताने मारत होतास, रीमरला, होल केसाकेसाने मोठं करणाऱ्या त्या हत्याराला, तेलाचं बोट लावून, अर्धा फेरा पुढे, पुसून, पुन्हा अर्धा फेरा. तान्ह्या पोरीचे कान टोचताना आई जशी श्वास धरते तसा तू श्वास धरायचास.

त्याच्या आदल्या गुरुवारी सुमनवहिनी मला कारखान्याच्या गेटबाहेर भेटल्या. मुद्दाम थांबल्या होत्या.

"भावोजी, तुमची सही लागते ना त्याला?"

"लागते."

"मग करू नका." एवढंच. मग म्हणाल्या, "यांना सांगितलं तर ऐकणार नाहीत. तुम्ही फेल म्हणालात तर ऐकतील."

मी मोठ्याने हसलो, काहीतरी विनोद केला, वहिनींना रिक्षात बसवलं. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी जे केलं ते वहिनींसाठी केलं. तुझ्या पोरांसाठी केलं. तुझा जीव वाचावा म्हणून केलं. यात खोटं काही नाही. मला खरोखर भीती वाटत होती. रोज डोळ्यांसमोर तो बोल्ट दिसायचा. पण आज तू समोर नाहीस आणि म्हणूनच सांगता येतं. विमानाला दोन सीट होत्या, दत्ता. एक साहेबांची, एक तुझी. पाच वर्षं मी पुस्तक वाचलं, विटा धरल्या, पापड लाटले, आणि एकदाही तुम्ही दोघं म्हणाला नाहीत की प्रल्हाद, पहिल्यांदा तू बस. मला बसायचं नव्हतं. मला चक्कर येते शिडीवर. तरी कुणी विचारलं नाही. विमान उडालं की रविवार संपणार, तू गावाला जाणार आईकडे, आणि मी जोगेश्वरीत बसून तुम्हा दोघांच्या गोष्टी लोकांना सांगणार. माझ्या मनात हेही होतं. किती होतं? गेज लावून सांगता येत नाही.

दुपार होती. पत्रा तापला होता. तू रीमर खाली ठेवलास, पट्टी फडक्याने पुसून माझ्यासमोर ठेवलीस, म्हणालास, "बघ." आणि नेहमीसारखा माझ्याकडे पाठ करून माठाशी गेलास पाणी प्यायला. एकोणीस वर्षं तू हेच करायचास. मी तपासत असताना कधी समोर उभा राहिला नाहीस, माझ्यावर भार नको म्हणून.

गेजला दोन टोकं असतात. हिरवं आत गेलं पाहिजे, लाल आत जाता कामा नये. हिरवं टोक मी होलवर ठेवलं आणि ते आपल्याच वजनाने, लोण्यात जावं तसं खाली उतरलं. लाल टोक ठेवलं. ते तोंडाशीच थांबलं. दाबलं. जरासुद्धा हललं नाही. माझ्या नोकरीत असं होल मी दुसरं बघितलेलं नाही. आणि तुझ्या पाठीकडे बघत मी म्हणालो,

"आत शिरलं."

"कुठलं?"

"लाल."

तू पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलंस. "बरं."

मला वाटलं तू वळशील, माझं तोंड बघशील, आणि मी पकडला जाईन. नटाला आपण कुठे वाईट वठलो ते कळतं. पण तू गेजला हात लावला नाहीस. पट्टी उचलून उजेडात धरलीस. मग एकच विचारलंस, "रीमरमुळे की हातामुळे?"

रीमर म्हणालो असतो तरी भागलं असतं. तो निर्जीव, त्याला काय फरक पडला असता? पण माझ्या तोंडून गेलं, "हात असेल रे. वय होतंय."

आणि मी डबी उघडून त्या पट्टीला लाल रंग लावला. एक फराटा. माझ्या हाताने.

तुझ्यासाठी ते तिथेच संपलं. नवी पट्टी अमेरिकेहून यायला नऊ महिने लागले, आणि आली तेव्हा तू पुडकं उघडलंच नाहीस. "दुसरा कोणी बघा, साहेब. माझा हात गेला." कारखान्यातही तू स्वतः जाऊन सांगितलंस, मला बारीक कामावरून काढा. सगळ्या टूलरूममध्ये ज्याच्या शब्दावर पोरं कामं शिकली, तो तू स्टोअरच्या जाळीच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना हत्यारं देऊ लागलास. मी रोज चारदा त्या खिडकीवरून जायचो. होल खरंच चुकलं असं वहिनींनी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं; मला म्हणाल्या, "भावोजी, देवासारखे धावलात." आणि तीन महिन्यांनी म्हणाल्या, "हे जेवता जेवता थांबतात आणि हाताकडे बघत बसतात. काय झालंय हो यांना?"

मी सांगणार होतो. खरंच. पवईच्या बसमध्ये सांगणार होतो, शेजारी बसलो होतो आपण, तू खिडकीतून तळं बघत होतास. गणपतीत तुझ्या घरी सांगणार होतो. एकदा तर थेट त्या जाळीच्या खिडकीशी आलो.

"दत्ता, एक सांगायचंय."

"बोल."

तू इतक्या शांतपणे बघितलंस की मी म्हणालो, "खिडकीला पडदा लाव रे. नाटकाची तिकिटं विकतोयस असं वाटतं."

तू हसलास. मनापासून हसलास, आणि मला एक पान्हा दिलास, जो मला नको होता. मी तो हातात घेऊन गेलो. असा मी. जिथे एक खरं वाक्य पुरलं असतं, तिथे मी तुला दर वेळी हसवून पाठवलं. आणि तू उपकार मानायचास! लोकांना सांगायचास, "हा होता म्हणून वाचलो, नाहीतर त्या होलने आमचे दोघांचे जीव गेले असते." माझी पाठ थोपटायचास त्याच हाताने.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी मरोळला गेलो. साहेबांनी शेड उघडून दिली आणि दारातच थांबले. विमान ताडपत्रीखाली होतं, पंख न जोडताच दोन्ही अंगांना टेकवून ठेवलेले. पुस्तक तुझ्या टेबलावर त्याच पानाशी उघडं. तुझ्या चौकोनात तुझी सही पेन्सिलीने, कारण पेनने तू मी पास केल्यावरच करायचास. माझा चौकोन रिकामा. आणि टेबलावरच्या भिंतीत खिळ्याला ती पट्टी टांगलेली, लाल फराट्यासकट. भंगारात टाकायची ती तू जपून ठेवली होतीस.

"दत्ता बोलायचा, समोर असलेली बरी," साहेब म्हणाले. "माणूस माज करत नाही."

मी गेज नेलं होतं. का नेलं होतं सांगू? माझी इच्छा होती की होल चुकलेलं निघावं. देवाला हात जोडतो अशी इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी ऊन होतं, डोळ्यांवर घाम होता, माझीच नजर चुकली असेल, लाल टोक खरंच आत गेलं असेल आणि मला कळलं नसेल. खोटं बोलायला गेलो आणि चुकून खरं बोललो, असं झालं असेल. मी ते लाल टोक होलवर ठेवलं आणि दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. गुडघ्यावर घेऊन, अंगाचा भार टाकून दाबलं. जा ना आत, जा ना बाबा, पाया पडतो. ते तोंडाशीच थांबलं. जिथे तू थांबवलं होतंस तिथेच. साहेब दारातून म्हणाले, "अरे, काय करतोस?" मी म्हणालो, "काही नाही, तपासतोय." पट्टी मी पिशवीत टाकून आणली.

गावाहून तुझा चुलतभाऊ आला होता. आई येणार नव्हतीच. तिने त्याच्यापाशी निरोप पाठवला होता, निरोप कसला, नुसतंच म्हणाली होती: "माका म्हणालो होतो, तुका इमानान न्हेतलंय." वहिनींनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, आम्ही दोघांनी मिळून तुला वाचवलं आणि तरी तू गेलास.

शोकसभा कॅन्टीनमध्ये झाली. तुझा फोटो, हार, उदबत्ती बटाट्यात खोचलेली. तुला आवडलं नसतं, बटाटा फुकट गेला म्हणाला असतास. वहिनी आणि मुलं पुढच्या ओळीत, डिमेलोसाहेब कडेला टोपी हातात घेऊन. युनियनचे सेक्रेटरी बोलले, चांगलं बोलले. म्हणाले, "अखेरच्या काळात त्यांच्या हाताने त्यांना साथ दिली नाही, पण जोवर होता तोवर असा हात या कारखान्यात झाला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींनीही डोलावली. तुझ्या धाकट्याने आपल्या हाताकडे बघितलं.

मग मला बोलावलं. आपला नाटकवाला! मी उठलो. पिशवी खांद्याला होती, पट्टीचा भार लागत होता. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? पापड. चिंचेचं झाड, साहेबांची टोपी, लाटणंवाली बाई, "विमान का पंखा", सगळं साग्रसंगीत. कॅन्टीन हसलं, वहिनी पदर तोंडाशी धरून हसल्या. मी खाली बसलो. लोक म्हणाले, असा निरोप द्यावा मित्राला.

सेक्रेटरी म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू.

तुला माहीत आहे, दत्ता, मला बोलता येतं. गप्प बसता येत नाही. एकोणीस वर्षांत दोन मिनिटं सलग मी फक्त गेज हातात असताना गप्प बसलोय. सगळे उभे राहिले, माना खाली. पंखा कुरकुरत होता. आतल्या बाजूला कुणीतरी कपबशी ठेवली. एक मिनिट गेलं असेल. तेवढ्यात वरून विमान आलं, सहारला उतरणारं, खाली, पत्रा थरथरवत, तसंच. कुणीही वर बघितलं नाही. तू बघितलं असतंस. मी वर बघितलं. आणि माझा हात पिशवीत गेला, ती पट्टी बाहेर आली, लाल फराटा वर करून मी ती डोक्यावर धरली, आणि त्या दोन मिनिटांच्या मधोमध, दोनशे माणसांसमोर, नाटकाचा आवाज नाही, कसलातरी फाटका आवाज माझ्या घशातून बाहेर आला:

"होल बरोबर होतं! याचा हात कधीच गेला नव्हता, मी खोटं बोललो!"